नावातला ऐन

अरबी लिपीत ऐन नावाचे एक अक्षर आहे. ते घशाच्या तळातून काढावे लागते. मदरशात नाझरा शिकणारी मुले पहिले काही महिने याच अक्षरावरून मौलानांची बोलणी खातात. मदरशाची पायरी उतरली की आपण हे अक्षर विसरून जातो. अली, उमर, उस्मान, आयेशा, इनायत ही सारी नावे ऐनने सुरू होतात. सईद, मसूद, इस्माईल यांच्या पोटात ऐन आहे आणि रफीच्या शेवटी तो बसला आहे. पण देवनागरीत लिहिताना त्याचा अ, आ, इ किंवा उ होतो आणि बोलताना तो ऐकूही येत नाही.

हे केवळ आपल्या नावांचेच आहे असे नाही. मराठी माणूस रोज जे शब्द वापरतो त्यांतही हा ऐन लपलेला आहे. किल्ला, तालुका, दावा, अर्ज, जमा, मनाई, इमारत, अक्कल आणि पहिलवानांची तालीम हे शब्द अरबीत ऐन घेऊन जन्मले आणि फारसीच्या वाटेने मराठीत आले. येताना ऐन गळून गेला. "ऐन वेळी" या शब्दप्रयोगात तर ते अक्षरच नाव सांगत उभे आहे. अरबीत ऐन म्हणजे डोळा आणि ऐन म्हणजे एखाद्या गोष्टीचा खरा गाभाही. मराठीने त्यातून नेमका क्षण असा अर्थ घेतला.

या अक्षराचा एक धाकटा भाऊ आहे, हमजा. कुरआन आणि मोमीन या दोन्ही शब्दांत हमजा आहे. आठव्या शतकात बसऱ्यात होऊन गेलेले खलील इब्न अहमद यांनी अरबीचा पहिला मोठा शब्दकोश रचला. अक्षरांचा क्रम त्यांनी उच्चारस्थानावरून लावला आणि सर्वांत खोल म्हणून ऐनला पहिले स्थान दिले. म्हणून त्या कोशाचे नावच "किताब अल-ऐन" पडले. हमजाची आजची खूणही परंपरेने त्यांच्याच नावावर सांगितली जाते. ऐनचे फक्त डोके घेतले की हमजा तयार होतो.

रोमन लिपीत या दोघांसाठी अक्षर नाही. म्हणून विद्वानांनी एक सोय केली. ऐनच्या जागी उघडणाऱ्या एकेरी अवतरणचिन्हासारखी खूण आणि हमजाच्या जागी बंद होणाऱ्या चिन्हासारखी खूण. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या लिप्यंतराचा नियमही असाच आहे. छापखान्यात ही दोन चिन्हे वेगळी होती. टाइपरायटरवर मात्र दोहोंसाठी एकच सरळ उभी रेघ होती. पुढे संगणकासाठी अमेरिकेत १९६३ साली "अस्की" नावाची अक्षरसंहिता मंजूर झाली. तिच्यात एकूण १२८ जागा. त्यांपैकी एकोणचाळिसावा क्रमांक या उभ्या रेघेला मिळाला. ऐन, हमजा, इंग्रजीतला षष्ठीचा प्रत्यय, वसईच्या आणि गोव्याच्या डि'सोझांच्या नावातली खूण, आयर्लंडच्या ओ'केसींच्या नावातली खूण, या साऱ्यांना एकाच खोलीत राहावे लागले.

त्या खोलीत आणखी एक भाडेकरू आला. १९७४ साली आयबीएममधील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी माहितीच्या साठ्याला प्रश्न विचारण्याची एक भाषा मांडली. तीच आज एसक्यूएल म्हणून ओळखली जाते. बँका, रुग्णालये, शाळा, सरकारी कचेऱ्या, सगळीकडे तिचा वावर आहे. या भाषेत कोणताही मजकूर लिहायचा तर तो दोन उभ्या रेघांच्या मध्ये लिहावा लागतो. पहिली रेघ म्हणजे मजकूर सुरू झाला. दुसरी रेघ म्हणजे मजकूर संपला, आता पुढे हुकूम ऐका. आणि ही रेघ तीच, एकोणचाळीस क्रमांकाची.

आता आमच्या वाचनालयाची गोष्ट सांगतो.

तालुक्याच्या गावी वडीलधाऱ्यांनी काढलेले हे वाचनालय. उर्दू, मराठी आणि थोडी अरबी पुस्तके. काही घरांतून आलेली, काही वारसांनी जागा रिकामी करताना दिलेली. पुस्तकांची यादी संगणकावर घ्यायचे ठरले तेव्हा शहरातल्या एका संगणकवाल्याने आपला तयार प्रोग्रॅम बसवून दिला. त्यात रोमन अक्षरांखेरीज काही लिहिता येत नव्हते. निवृत्त हेडमास्तर सर पुस्तक हातात घेऊन नाव सांगत आणि मी ते टंकत असे. सर अरबी-फारसीचे जाणकार. त्यांची एकच अट होती, ऐन आणि हमजा गाळायचे नाहीत. "रोमनमध्ये लिहितोय म्हणून नाव अर्धवट का लिहायचं?" असे ते म्हणत. प्रोग्रॅमनेही कधी तक्रार केली नाही. खुणेसकट नाव लिहिले की खुणेसकट दिसे. रोज संध्याकाळी बॅकअपचे बटण दाबले की पडद्यावर हिरव्या अक्षरांत "यशस्वी" असे येई आणि आम्ही दिवे मालवून मगरिबला जात असू.

एका पावसाळ्यात त्या संगणकाची डिस्क गेली. नवा संगणक आला, प्रोग्रॅम पुन्हा बसवला, जपून ठेवलेली बॅकअपची फाइल त्याला दिली. यादी भराभर चढू लागली आणि शंभराच्या थोडी पुढे जाऊन थांबली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तिथेच. इशाच्या नमाजीबद्दलची ती एक साधी उर्दू पुस्तिका होती. तिच्या पुढचे एकही पुस्तक यादीत येईना. सगळ्या कपाटांचे काम गेले, असे वाटले.

संगणकवाल्याचा माणूस आला. तरुण होता, बोलायला नम्र होता. त्याने पाहिले आणि म्हणाला, "सर, नावांत ही जी वरची रेघ टाकलीय ना, त्यामुळे झालंय. नव्याने भरताना त्या रेघा काढून टाका. तशीही ती कुणी वाचत नाही."

सर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बेटा, पुस्तकाचं नाव लेखकाने ठेवलेलं असतं. ते सांभाळायचं काम तुझ्या मशीनचं. तिला जमत नसेल तर तिला शिकव. नाव कापायला मला का सांगतोस?"

तो मुलगा हसला आणि "वर कळवतो" म्हणून गेला. पुन्हा कुणी आले नाही.

त्याच्या बोलण्यातून एक गोष्ट मात्र कळली. बॅकअपची फाइल ही काही गूढ वस्तू नव्हती. साध्या लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये ती उघडली आणि आम्ही थक्क झालो. सगळी पुस्तके तिच्यात होती. एकेका ओळीत एकेक हुकूम लिहिला होता, की या तक्त्यात हे नाव, हा लेखक, ही भाषा घाल. नष्ट काहीच झालेले नव्हते. नावे नीट उतरली होती, फक्त कुठली रेघ नावाची आणि कुठली रेघ हुकुमाची हे त्या बॅकअपने लिहून ठेवले नव्हते.

इशा हा शब्द अरबीत ऐनने सुरू होतो आणि हमजाने संपतो. म्हणजे रोमनमध्ये काटेकोर लिहिला तर त्याच्या दोन्ही बाजूंना ती रेघ येते. आशूरा तसाच, उलमाही तसाच. हे शब्द जन्मतःच अवतरणचिन्हांत बसल्यासारखे दिसतात. नमुन्यादाखल देवनागरीत लिहून दाखवतो. फाइलमध्ये असे होते:

'नमाज-ए-'इशा''

माणूस हे वाचून अर्थ लावतो. मशीन डावीकडून एकेक अक्षर वाचते. पहिली रेघ आली, मजकूर सुरू. "ए-" नंतर दुसरी रेघ आली, मजकूर संपला. तिच्या लेखी पुस्तकाचे नाव एवढेच, "नमाज-ए-". पुढे इशा हा शब्द हुकुमाच्या जागी उघड्यावर पडला. असा हुकूम तिला ठाऊक नाही. त्याच्यामागे लागून आलेल्या दोन रेघा म्हणजे तिच्या दृष्टीने एक रिकामा मजकूर. तिने "चूक" म्हटले आणि ती थांबली. तिच्या नियमाने ती बरोबरच होती.

यावरचा उपाय या भाषेच्या नियमांतच आहे आणि तो अगदी साधा आहे. मजकुरात ती रेघ आली तर ती दोनदा लिहायची. दोन रेघा लागोपाठ दिसल्या की मशीन समजते, मजकूर संपलेला नाही, ही रेघ मजकुराचीच आहे. मग तीच ओळ अशी होते:

'नमाज-ए-''इशा'''

शेवटी तीन रेघा आहेत. पहिल्या दोन मिळून हमजा आणि तिसरी मशीनची. याला संगणकवाले एस्केप करणे म्हणतात. काही डेटाबेस रेघेच्या आधी तिरपी रेघ, म्हणजे बॅकस्लॅश, लिहूनही हेच साधतात. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस यांच्यासोबत मिळणारी बॅकअपची साधने हे काम स्वतः करतात. अडचण येते ती घरगुती साधनांत, जिथे लिहिणाऱ्याने नावाच्या मागेपुढे एकेक रेघ चिकटवली आणि नावाच्या आत काय आहे हे पाहिलेच नाही. त्याच्या चाचणीतल्या नावांत तशी रेघ आली नसेल, म्हणून त्याला ती दिसली नाही.

मग आम्ही दुरुस्तीला बसलो. सगळ्या रेघा एका फटक्यात दुप्पट कराव्यात तर हुकुमाच्या रेघाही दुप्पट होतात आणि सगळेच बिघडते. कुठली रेघ कुणाची हे मशीनला कळत नव्हते, ते अरबी जाणणाऱ्या माणसालाच ठरवावे लागणार होते. असरनंतर मगरिबपर्यंत सर चष्मा लावून पडद्याजवळ बसत. ओळीवर बोट ठेवून म्हणत, "ही मशीनची. ही आपली. हीसुद्धा आपली." जी आपली असेल ती मी दुप्पट करी. देणगीदारांच्या यादीत एक डि'सोझा निघाले. सर म्हणाले, "हीही आपलीच धर." असे कित्येक दिवस चालले. पण यादी पूर्ण आली आणि एकाही नावातले अक्षर गेले नाही.

पुढे या विषयावर जे मिळेल ते वाचत गेलो तेव्हा कळले की हे दुखणे फार जुने आणि जगभरचे आहे. ते दोन टोकांनी येते. एक टोक म्हणजे रेघ मुळीच न सांभाळणे, जे आमच्याकडे घडले. दुसरे टोक म्हणजे ती दोनदोनदा सांभाळणे. पीएचपी या भाषेत एके काळी अशी सोय होती की बाहेरून आलेल्या प्रत्येक रेघेआधी ती आपणहून तिरपी रेघ घाली. त्यावर प्रोग्रॅम लिहिणारा पुन्हा आपली तिरपी रेघ घाली. मग कुर'आन हा शब्द साठ्यात कुर\'आन होऊन बसे आणि पुढच्या फेरीत आणखी तिरप्या रेघा वाढत. ही सोय २०१२ साली भाषेतून कायमची काढली गेली. तिने मागे ठेवलेल्या तिरप्या रेघा मात्र जुन्या साठ्यांत आजही सापडतात.

याच फटीतून चोरही शिरतात. रेघेनंतरचा मजकूर मशीन हुकूम समजते, हे ज्याला कळले तो नावाच्या रकान्यात हुकूम लिहू शकतो. रँडल मनरो यांच्या २००७ सालच्या एका व्यंगचित्रात एका आईने मुलाचे नावच असे ठेवलेले असते की ते शाळेच्या संगणकात लिहिताच विद्यार्थ्यांचा सगळा तक्ता पुसला जातो. संगणकवाल्यांत ते चित्र घरोघरी ठाऊक आहे. आणि हे प्रकरण मिटलेलेही नाही. पोस्टग्रेससारख्या जुन्याजाणत्या डेटाबेसलाही फेब्रुवारी २०२५ मध्ये अशीच दुरुस्ती करावी लागली. मोडक्या संहितेचा मजकूर आला तर रेघ सांभाळणारी त्याची कामे फसत होती.

या भीतीपोटी अनेकांनी सोपा रस्ता धरला, तो म्हणजे रकान्यात अक्षरांखेरीज काही येऊच द्यायचे नाही. मला हा रस्ता सर्वांत घातक वाटतो. मशीन थांबली तर निदान चूक झाल्याचे कळते. रेघ गुपचूप गाळली तर काहीच कळत नाही. यादी पूर्ण दिसते, आकडा जुळतो आणि नावे बदललेली असतात. आपल्यातल्या कुणाला हे वेगळे सांगायला नको. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, शिधापत्रिकेवर दुसरे, आधार कार्डावर तिसरे, हे दुखणे घरोघरी आहे. शेख आणि शैख, मोमीन आणि मोमिन, इस्माईल आणि इस्माइल एकच माणूस आहे हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्रे करावी लागतात, राजपत्रात नाव छापून आणावे लागते, रोजगार बुडवून खेपा घालाव्या लागतात. गाळणाऱ्याला ती एक रेघ वाटते. तिची किंमत दुसऱ्या कुणाला तरी भरावी लागते.

मला अधिक विचार करायला लावला तो आमच्या त्या हिरव्या "यशस्वी" शब्दाने. तो खोटा नव्हता. फाइल लिहिण्याचे काम खरोखरच यशस्वी झाले होते. पण ती परत वाचता येते की नाही हे कुणी पाहिले नव्हते. हा दोष त्या प्रोग्रॅमचा. पण नक्कल वाचून ताडून पाहण्याची गोष्ट आपल्या परंपरेत नवी नाही. हस्तलिखितांच्या काळी नक्कल उतरवून झाली की ती मूळ प्रतीशी वाचून ताडली जाई. त्याला मुकाबला म्हणत. तेराव्या शतकात दमास्कसमध्ये शिकवणारे इब्न सलाह यांनी हदीसशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात या मुकाबल्याचे नियम दिले आहेत. जिथवर ताडून झाले तिथे समासात "बलग" अशी खूण केली जाई, म्हणजे इथवर पोहोचलो. ताडून न पाहिलेल्या नकलेवर जाणकार भरवसा ठेवत नसत.

तेही दूर राहू द्या. रमजानमध्ये तरावीहला उभे राहिलात तर समोर हाफिज कुरआन पढत असतो आणि मागच्या सफेत दुसरा हाफिज ऐकत असतो. पुढच्याचा एक शब्द घसरला तर मागचा लुकमा देतो. पुढचा हाफिज कितीही पक्का असला तरी मागे ऐकणारा लागतोच. यात कुणाचा अपमान नाही. पाठ आहे हे पढून दाखवल्याशिवाय आणि कुणीतरी ऐकल्याशिवाय ठरत नाही, एवढाच त्याचा अर्थ. दर रमजानला जिब्रीलबरोबर कुरआनची उजळणी होत असे आणि अखेरच्या वर्षी ती दोनदा झाली, ही रिवायत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ज्या उम्मतीला हा धडा इतका जुना आहे तिने संगणकाच्या बटणावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये.

आज हे लिहावेसे वाटले त्याला कारण आहे. जमातींचे निकाहनामे, कब्रस्तानाच्या नोंदी, मदरशांचे हजेरीपट, वाचनालयांच्या याद्या, सगळे संगणकावर चढत आहे. २०२५ साली वक्फ कायदा बदलला आणि जूनमध्ये "उमीद" पोर्टल सुरू होऊन वक्फ मालमत्तांच्या नोंदी त्यावर भरणे आले. शंभर वर्षांपूर्वीच्या दस्तावर वाकिफाचे जे नाव आहे ते आता संगणकाच्या भाषेत लिहिले जाते. कागद जीर्ण झाला, वाळवी लागली, तरी तो डोळ्यांना दिसतो. संगणकातली नोंद गेली तर ती गेल्याचे कळायलाही एक दिवस उजाडावा लागतो आणि तो नेमका ऐन वेळी उजाडतो.

म्हणून ज्यांच्या हाती अशा नोंदी आहेत त्यांनी एक करावे. आपल्या साठ्यात मुद्दाम चार अवघड नावे घालावीत. दोन्ही बाजूंना रेघ असलेला इशा, पोटात रेघ असलेले मसूद, एक डि'सोझा आणि देवनागरीतले किंवा उर्दूतले एखादे नाव. मग बॅकअप घ्यावा आणि तो दुसऱ्या, रिकाम्या संगणकावर उघडून पाहावा. मोठा आकडा जुळला म्हणून समाधान मानू नये, काही प्रोग्रॅम चुकलेली ओळ सोडून मुकाट्याने पुढे जातात. ती चार नावे काढावीत. एकाने मूळ वाचावे, दुसऱ्याने ऐकत नक्कल पाहावी. अक्षर न् अक्षर जुळले तर "बलग" म्हणावे. नाही जुळले तर साधन बदलावे, नाव बदलू नये.

अमानत या शब्दाचा अर्थ आपण पैशापुरता घेतो. ठेवायला दिले ते मागताच परत द्यावे, कमी करू नये आणि बदलूनही देऊ नये, एवढी त्याची साधी व्याख्या. नावही असेच ठेवायला दिलेले असते. ते आईबापांनी ठेवलेले असते, पुस्तकाचे असेल तर लेखकाने. त्यातल्या ऐनचा उच्चार आपल्याला येवो न येवो, तो आपल्या मालकीचा नाही. जसा आला तसा पुढे द्यायचा.